वाळूनें भरलेला टँकर

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा कलह झाला आणि त्याचें निमित्त एक ऑस्ट्रेलियन चित्रपट होता. आमच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं मिळून चौदा माणसें आहेत. त्यामुळें दिवाणखान्यांतल्या पडद्यावर कोणीं काय पाहावें ह्याचा निवाडा करण्याचें काम वयपरत्वें आमच्याकडे येतें. त्या दिवशीं दुपारीं धाकट्या नातवानें 'मॅड मॅक्स २' नांवाचा चित्रपट लावला होता. आवाज ऐकून आम्ही पोथी मिटून बाहेर आलों, तों पडद्यावर चामड्याचे पट्टे आवळलेले, डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे केस राखलेले उघडेवाघडे पुरुष फटफट्यांवरून आरोळ्या ठोकीत चालले होते. आम्हीं चष्मा सांवरून दोन मिनिटें पाहिलें आणि जन्माच्या सवयीनें निकाल दिला, "बंद करा हा धिंगाणा."

नातू सोळा वर्षांचा आहे. त्यानें चित्रपट थांबविला, परंतु बंद केला नाहीं. अदबीनेंच म्हणाला, "आबा, उन्हाळ्यांत तुम्हीं आम्हांला मौसलपर्व सांगितलंत. त्यांत तर यादव एकमेकांना मुसळांनीं ठेचून मारतात. तें चालतं, मग हें कां नाहीं?"

पस्तीस वर्षें वर्गांत घालविलेल्या माणसास एवढें कळतें कीं, विद्यार्थ्यानें रीतसर शंका काढली म्हणजे एक तर तिचें समाधान करावें, नाहीं तर खालीं बसून ऐकावें. समाधान आमच्यापाशीं नव्हतें. आम्ही खुर्ची ओढून बसलों आणि चित्रपट पहिल्यापासून लावावयास सांगितला. त्यानंतर तो आम्हीं आणखी दोनदां पाहिला, त्याचे आगचेमागचे भाग पाहिले आणि त्यांविषयीं हातीं लागलें तें वाचलें. मारामारीच्या चित्रपटांचा ज्यांना तिटकारा आहे त्या वाचकांना आमची विनंति एवढीच कीं, त्यांनीं लगेच पान उलटूं नये. १९८१ सालच्या एका चित्रपटानें चाळीसांहून अधिक वर्षें जगाच्या कल्पनाशक्तीवर अंमल चालवावा, प्रलयानंतरचें जग म्हटलें कीं कोट्यवधि लोकांच्या डोळ्यांपुढें त्यानेंच रेखाटलेलें चित्र उभें राहावें, ही गोष्ट आमच्यासारख्या पोथीवाल्यासहि विचार करण्याजोगी वाटली.

ह्या चित्रपटाचे कर्ते जॉर्ज मिलर हे मूळचे डॉक्टर. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड राज्यांत चिंचिला नांवाचें एक गांव आहे (नांवावरून तें कोंकणांतलें वाटावें!), तेथें एका ग्रीक वंशाच्या कुटुंबांत त्यांचें बालपण गेलें. सपाट माळरान, सुतासारखे सरळ रस्ते आणि मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हातीं भरधाव मोटारी, असा तो मुलूख. त्यांच्या ओळखीचीं कित्येक मुलें ह्या रस्त्यांवर गेलीं. पुढें सिडनीच्या रुग्णालयांत अपघाती रोग्यांवर उपचार करतांना तसलींच छिन्नविच्छिन्न शरीरें त्यांना पाहावीं लागलीं. हा अनुभव मनांत साठवून, बायरन केनेडी ह्या मित्राच्या सहकार्यानें, त्यांनीं १९७९ सालीं 'मॅड मॅक्स' हा पहिला चित्रपट काढला. त्यास खर्च आला सुमारें साडेतीन-चार लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि जगभर उत्पन्न झालें दहा कोटि अमेरिकन डॉलरांवर. खर्चाच्या मानानें सर्वांत किफायतशीर चित्रपट म्हणून त्याची जी नोंद गिनेसच्या ग्रंथांत झाली ती १९९९ सालचा 'ब्लेअर विच प्रोजेक्ट' येईपर्यंत कोणास मोडतां आली नाहीं. गंमतीची गोष्ट अशी कीं, अमेरिकेंत तो दाखवितांना ऑस्ट्रेलियन उच्चार लोकांस समजणार नाहींत म्हणून इंग्रजी बोलपटावर पुन्हां अमेरिकन इंग्रजी आवाज चढविण्यांत आले! कोल्हापूरचा बोलपट नागपुरास नेतांना अशी तजवीज करण्याचें अद्याप कोणास सुचलें नाहीं, हें आपलें भाग्यच.

पहिल्या चित्रपटाचे सहलेखक जेम्स मॅककॉसलंड हे वृत्तपत्रसृष्टींतले गृहस्थ. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध झालें, अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, आणि पिंपाला तीन डॉलरांच्या आसपास असलेला भाव थोड्याच महिन्यांत बारा डॉलरांपर्यंत चढला, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्या टंचाईच्या दिवसांत पेट्रोलच्या पंपांपुढें लागलेल्या रांगा मॅककॉसलंड यांनीं पाहिल्या. रांग मोडून पुढें घुसूं पाहणाऱ्यावर एरवीं सभ्य असलेलीं माणसें कशीं तुटून पडतात तेंहि पाहिलें. मोटारीच्या टाकींत चार थेंब पडावे म्हणून शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर जातो, तर तेल अजिबात संपल्यावर काय होईल? एवढ्या एका प्रश्नांतून हें सारें भयंकर जग निर्माण झालेलें आहे. ही हकीकत आम्हीं वाचली तेव्हां आम्हांस क्षणभर थांबावें लागलें. कारण १९७३ च्या रांगा आम्हींहि पाहिल्या आहेत. मात्र त्या रॉकेलच्या.

आम्ही त्या वेळीं बारा-तेरा वर्षांचे होतों. १९७२ चा दुष्काळ अंगावरून नुकताच गेला होता. आमच्या गांवीं रॉकेलचा गाडा कोणत्या दिवशीं येईल ह्याचा नेम नसे; म्हणून लोक पहांटेस उठून दुकानापुढें आपला डबा, नाहीं तर एखादी वीट, तीहि न मिळाली तर नुसता धोंडा ठेवीत, आणि घरच्या कामास जात. त्या रांगेंत धोंडा म्हणजे माणूस. उन्हांत पन्नास-साठ धोंडे, विटा आणि गंजके डबे ओळीनें बसलेले असत आणि राखणीला कोणी नसे. ह्या रांगेविषयीं आणखी थोडें सांगावयाचें आहे, तें पुढें येईलच.

दुसरा चित्रपट, म्हणजे 'मॅड मॅक्स २', ऑस्ट्रेलियांत २४ डिसेंबर १९८१ रोजीं प्रदर्शित झाला. पुढल्या वर्षीं तो अमेरिकेंत 'दि रोड वॉरियर' ह्या नांवानें लागला. आरंभीं एका वृद्धाचा आवाज ऐकूं येतो आणि लहान, चौकोनी, कृष्णधवल चित्रें सरकूं लागतात. युद्धें, तेलाच्या विहिरी, दंगे. तेल आटलें, यंत्रें थांबलीं, राज्यें मोडलीं, रस्त्यांवर लुटारूंच्या टोळ्या उरल्या. मग पडदा एकाएकीं दोन्ही बाजूंनीं रुंद होतो, रंग भरतात, आणि एक काळी मोटार आपल्या अंगावर येते. ती चालविणारा मॅक्स पूर्वाश्रमींचा पोलीस. त्याची बायको आणि तान्हें मूल टोळीवाल्यांनीं मारलेलीं. आतां त्याच्यापाशीं एक कुत्रा, एक बंदूक आणि एका बाहीचें चामडी जाकीट एवढेंच उरलें आहे. उलटलेल्या गाडींतून गळणारें पेट्रोल तो फडक्यानें टिपून घेतो. कुत्र्यांसाठीं डब्यांत भरलेलें अन्न तो स्वतः खातो, आणि तेंहि चवीनें.

पुढील कथा थोडक्यांत अशी. माळावर एक लहानसा तेलशुद्धीचा कारखाना अजून चालूं आहे. आंत बायकापोरांसह कांहीं माणसें तट करून राहिलीं आहेत आणि बाहेर मुखवटा घातलेल्या ह्यूमंगस नांवाच्या नायकाची टोळी वेढा घालून बसली आहे. मॅक्स आंत शिरतो तो परोपकारासाठीं नव्हे. एका घायाळ माणसास पोंचवून बदल्यांत पेट्रोल मिळवावें, एवढाच त्याचा हिशोब. तो माणूस दगावतो आणि सौदा फिसकटतो. मग, तुमचा टँकर ओढील असा ट्रक मी आणून देतों, त्याच्या बदल्यांत मला पेट्रोल द्या, असा नवा सौदा तो करतो. तो पुरा करतो. टँकर तूंच चालव, आमच्याबरोबर चल, असें ते विनवितात. त्यावर नकार देऊन आपलें पेट्रोल घेऊन निघून जातो. बाहेर टोळी त्याला गांठते. मोटार जाते, कुत्राहि जातो. (कुत्रा मारला गेला तेव्हां स्वयंपाकघराच्या दारांतून पाहत उभें असलेलें आमचें कुटुंब म्हणालें, "त्या मुक्या जिवाला मारायला नको होतं हो." आणि त्या आंत निघून गेल्या. माणसें त्यांच्यादेखत वीसपंचवीस तरी मेलीं होतीं.) तेव्हां कुठें, अर्धमेल्या अवस्थेंत, तो टँकर चालविण्यास कबूल होतो.

पहिल्या चित्रपटाचा बोलबाला झाला तेव्हां जपानांत लोकांस मॅक्स हा सामुराई वाटला, उत्तर युरोपांत जुना व्हायकिंग वीर वाटला; मिलर यांनींच हें नमूद करून ठेवलें आहे. आपण नकळत एका पुरातन वीरकथेस हात घातला, असें ध्यानीं आल्यावर त्यांनीं जोसेफ कॅम्बेल यांचे पुराणकथांवरील ग्रंथ वाचले आणि दुसरा चित्रपट जाणूनबुजून त्या वाटेनें नेला. आम्हांस मात्र सामुराईहि आठवला नाहीं आणि व्हायकिंगहि नाहीं. नातवानें बोट ठेवलें होतें तेंच पर्व आठवलें, परंतु त्यांतला निराळा भाग.

मुसळांच्या यादवीनंतर श्रीकृष्ण निजधामास गेले. द्वारकेंत उरल्या त्या स्त्रिया, मुलें आणि म्हातारीकोतारीं. अर्जुन त्यांना घेऊन निघतो आणि त्यांच्या पाठोपाठ समुद्र द्वारका गिळतो. रथ, बैलगाड्या, उंट, घोडे ह्यांचा तांडा पंचनदांच्या प्रदेशांतून चालला आहे. एवढ्या मोठ्या तांड्यास राखणारा धनुर्धर एकच, हें पाहून आभीर हातांत नुसत्या काठ्या घेऊन चालून येतात. आणि भीष्मद्रोणांस जिंकणाऱ्या त्या वीरास गांडीवाला दोरी मोठ्या कष्टानें चढवितां आली, अस्त्रें आठवेनात, अक्षय्य भाते रिते झाले. शेवटीं तो धनुष्याच्या टोंकानें मारूं लागला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया नेल्या गेल्या. त्यांतल्या कांहीं तर आपखुषीनें गेल्या, हें सांगण्यासहि व्यास कचरले नाहींत. आम्हीं हा भाग वर्गांत शिकवितांना नेहमीं घाईनें आटोपीत असूं. मुलांपुढें अर्जुनाची फजिती कशाला? ह्या चित्रपटांत तोच तांडा, तोच माळ आणि तेच लुटारू आम्हांस पडद्यावर दिसले, आणि आपण काय गाळीत आलों तें उमगलें. युगान्त झाल्यावरहि माणसांना कोणी तरी पलीकडे पोंचवावें लागतें. तें काम करणारा वीर धड वीरहि उरलेला नसतो.

आतां ह्या चित्रपटाच्या प्रभावाविषयीं. तो एवढा पसरला आहे कीं, पुष्कळांस त्याचा उगमहि ठाऊक नसतो. १९८३ पासून जपानांत 'होकुतो नो केन' ही चित्रमालिका निघूं लागली. तिचें उजाड जग आणि तुरेवाल्या गुंडांच्या झुंडी थेट येथून उचललेल्या. इटलींत त्याच सुमारास स्वस्तांतल्या नकलांचें पीकच आलें. १९९५ च्या 'वॉटरवर्ल्ड' ह्या अमेरिकन चित्रपटांत वाळवंटाच्या जागीं समुद्र घातला, एवढाच काय तो फरक. छायाचित्रकारहि तेच, डीन सेमलर. १९९७ साली 'फॉलआउट' हा संगणकावरचा खेळ आला, त्यांत एका बाहीचें जाकीट आहे आणि कुत्राहि आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत २०१० पासून एक जत्रा भरूं लागली. तींत सुशिक्षित, नोकरदार माणसें गंजके पत्रे ठोकलेल्या गाड्या घेऊन आणि फाटकीं चामडीं पांघरून येतात. आपल्याकडे शिमग्याला सोंगें निघतात, तसाच प्रकार म्हणावयाचा! २०२४ सालीं हैदराबादेकडून आलेल्या 'कल्कि २८९८ एडी' ह्या तेलुगु चित्रपटांत गंगा आटलेली काशी आणि चिरंजीव अश्वत्थामा आहेत, परंतु तेथल्या धुळींतून धांवणाऱ्या वाहनांवर ह्याच ऑस्ट्रेलियन माळाची छाया आम्हांस पडलेली दिसली. म्हणजे आमच्या पुराणांतला प्रलय दाखवावयासहि आम्हांस ब्रोकन हिलची धूळ उसनी आणावी लागली. ह्याचा खेद करावा कीं कौतुक, हें आम्हांस ठरवितां आलें नाहीं.

परंतु नकला करणारांनीं उचललें काय? चामडें, खिळे, तुरे, गंज आणि धूळ. गाड्या जाळणें सोपें आहे. पैसा असला म्हणजे कोणींहि जाळाव्या. चित्रपटाचा जीव आहे तो शेवटच्या पाठलागांत. तो दहा-पंधरा मिनिटें श्वास घेऊं देत नाहीं. लोकनायक मारला जातो, माणसें टँकरवरून, चाकांखालीं, एकमेकांच्या गाड्यांवर पडतात. आणि अखेरीस टँकर उलटतो. मॅक्स कसाबसा बाहेर येतो, तों टाकीच्या भोंकांतून वाळू गळत असते. तो तळहात पुढें करतो, वाळू बोटांमधून निसटते आणि तो किंचित् हंसतो. खरें पेट्रोल बाकीच्या गाड्यांत, पिंपांमध्यें भरून, दुसऱ्या वाटेनें केव्हांच निघून गेलें होतें. टँकर हें आमिष होतें आणि तें चालविणारासहि त्याची वार्ता नव्हती. ज्यांच्यासाठीं त्यानें प्राण पणास लावला त्यांनींच त्याला फसविलें होतें, आणि त्यांचें चुकलें असेंहि म्हणवत नाहीं. ह्यांत कोणी गीतेंतलें निष्काम कर्म पाहील. आम्हांस तें पटत नाहीं. मॅक्स गेला तो कांहींसा सुडानें आणि कांहींसा जाण्यास दुसरी जागाच न राहिल्यामुळें. परंतु तें हंसणें आम्ही विसरूं शकलों नाहीं. नकलांपैकीं जेवढ्या आमच्या पाहण्यांत आल्या तेवढ्यांत चामड्यास खिळे पुष्कळ सांपडले. ही वाळू कोठें सांपडली नाहीं.

दुसरी एक गोष्ट अशी कीं, ह्या चित्रपटांत बोलणें जवळजवळ नाहींच. मेल गिब्सन ह्या नटाच्या तोंडीं सबंध चित्रपटांत पंधरा-वीस वाक्यें असतील. मिलर हे बस्टर कीटनसारख्या मूकपटकारांचे भक्त. संगीतकार ब्रायन मे ह्या चित्रपटास संगीत देत असतांना कामापुरती काढलेली कृष्णधवल, निःशब्द प्रत मिलर यांच्या पाहण्यांत आली आणि चित्रपटाचें सर्वांत उत्तम रूप हेंच, असें त्यांच्या मनानें घेतलें. ती हौस त्यांनीं तीन तपांनीं पुरी केली. २०१५ सालीं 'फ्युरी रोड' हा चौथा चित्रपट आला आणि पुढल्या वर्षीं त्याची कृष्णधवल आवृत्तिहि त्यांनीं काढली. 'फ्युरी रोड'चें चित्रण सुमारें ४८० तासांचें झालें होतें. मिलर यांच्या पत्नी मार्गारेट सिक्सेल यांनीं तें दोन तासांवर आणलें. त्याला जीं सहा ऑस्कर पारितोषिकें मिळालीं त्यांतलें एक त्यांच्या ह्या संकलनाचें आहे. १९८१ च्या चित्रपटांत मोटारसायकलवरून उडून हवेंत गरगरत जाणारा एक तरुण दिसतो. तो प्रसंग ठरविल्यापेक्षां भलताच झाला, त्याचा पाय मोडला, आणि तेंच चित्र चित्रपटांत ठेवलें. त्याचें नांव गाय नॉरिस. (नांव ऐकून आमच्या घरांतलीं पोरें पोट धरधरून हंसलीं.) चौतीस वर्षांनंतरच्या 'फ्युरी रोड'मधील सर्व साहसी प्रसंगांची व्यवस्था ह्याच गृहस्थांच्या हातीं होती. ज्यानें एके काळीं स्वतः पाय मोडून घेतला तो आतां दुसऱ्यांचे मोडूं नयेत म्हणून दोर तपासतो. प्रभाव म्हणजे काय, हें आम्हांस परदेशांतल्या शेंकडों नकलांपेक्षां ह्या एका उदाहरणावरून अधिक कळलें.

चित्रण झालें ती जागाहि सांगण्यासारखी आहे. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोंकास ब्रोकन हिल हें रुपें, शिसें आणि जस्त ह्यांच्या खाणींचें शहर आहे. त्याच्याजवळ सिल्व्हरटन नांवाचें खेडें. १८८० नंतर तेथें रुपें सांपडलें, दोनचार वर्षांत तीन हजारांच्या आसपास वस्ती झाली. इतक्यांत ब्रोकन हिलला त्याहून मोठा सांठा निघाला आणि लोकांनीं घरेंच्या घरें उचलून तिकडे नेलीं. मागें राहिले दगडी सांगाडे आणि मूठभर माणसें. तेव्हां प्रलयानंतरचा देखावा मिलर यांना फारसा उभारावा लागला नाहीं. जमिनींतलें धन संपल्यावर गांवाचें काय होतें, तें तेथें शंभर वर्षें आधींच घडून गेलें होतें. आज त्या खेड्यांत ह्या चित्रपटाचें एक संग्रहालय आहे. 'फ्युरी रोड' येथेंच व्हावयाचा होता. पण पाऊस पडला, माळ हिरवा झाला, सगळीकडे रानफुलें फुललीं आणि प्रलयवाल्यांना गाशा गुंडाळून आफ्रिकेंत नामिबियाच्या वाळवंटांत जावें लागलें! पुढें 'फ्युरिओसा' (२०२४) करतांना ते पुन्हां ह्या मुलखांत आले.

आतां ज्या कारणानें आम्हीं लेखणी उचलली तिकडे वळतों. त्या कारखान्यांत एक रानटी पोर आहे, आठ-नऊ वर्षांचें. आईबाप नाहींत, अंगावर कातडें, हातांत लोखंडी धारेचें बूमरँग, आणि भाषा म्हणून कांहीं नाहींच. तें कुत्र्यासारखें गुरगुरतें. मॅक्स त्याला एकदां किल्लीचें एक लहानसें वाद्य देतो. त्याची मूठ फिरविली कीं वाढदिवसाचें इंग्रजी गाणें वाजतें. पोर थक्क होतें. तें लपूनछपून त्याच टँकरवर चढतें आणि शेवटच्या पाठलागांत मॅक्सच्या शेजारीं असतें. टोळी नष्ट होते, तांडा उत्तरेकडे निघून जातो, मॅक्स एकटा रस्त्यावर उभा राहतो. आणि तेव्हां आपणांस कळतें कीं, आरंभीं बोलणारा तो वृद्ध म्हणजे हेंच गुरगुरणारें पोर. तें मोठें झालें, बोलूं लागलें, त्या लोकांचा प्रमुख झालें, आणि आतां म्हातारपणीं सांगत आहे.

शिक्षकाला ह्या ठिकाणीं पाझर फुटला तर नवल नाहीं. परंतु आमच्या मनांत आलें तें निराळेंच. ह्या पोरानें काय काय पाहिलें होतें? मॅक्स पेट्रोलासाठीं सौदे करतो, हें पाहिलें. त्यांना सोडून निघून गेला, हेंहि पाहिलें. आपल्याच माणसांनीं टँकरांत वाळू भरली होती, हें तर त्यानें डोळ्यांदेखत अनुभवलें. एवढें असून म्हातारपणीं त्याच्या सांगण्यांत मॅक्स महावीर होऊन बसला आहे. महाभारत तरी कोणाला सांगितलें? जनमेजयाला, म्हणजे अर्जुनाच्या पणतूला. आणि त्यांत पंचनदांतली फजिती गाळलेली नाहीं. ती गाळली ती आमच्यासारख्या मास्तरांनीं.

चित्रपट संपल्यावर आम्ही बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. नातवानें विचारलें, "आबा, आवडला नाहीं का?" त्या वेळीं, कोणास आजवर सांगितली नव्हती ती हकीकत आम्हीं त्याला सांगितली.

आमचे वडील कोर्टांत कारकून होते. पंधरावा अध्याय म्हटल्याखेरीज ते कधीं पानावर बसले नाहींत. १९७३ च्या थंडींत आई बाळंतीण होती आणि घरांत दोन दिवस रॉकेलचा थेंब नव्हता. वडील स्वतः निघाले. डबा उचलावयास आम्ही बरोबर होतों. आम्हीं पोंचेपर्यंत धोंड्यांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. इतक्यांत गाडा आला, आणि आज निम्म्यांनाच पुरेल अशी बातमी पसरली. वडिलांनीं एकदां इकडेतिकडे पाहिलें. आमच्या मागल्या आळींत लोकांच्या घरीं स्वयंपाक करणाऱ्या एक विधवा बाई होत्या. त्यांचा धोंडा, त्यावर कुंकवानें केलेली खूण होती म्हणून आम्हीं ओळखला, पुढून दहावा-बारावा होता. वडिलांनीं तो पायानें हळूच मागें सारला आणि तेथें आमचा डबा ठेवला. थोड्या वेळानें त्या आल्या. म्हणाल्या, "माझा धोंडा इथंच होता हो." वडील शांतपणें म्हणाले, "मागं असेल, बघा." त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं खालीं पाहिलें.

आम्हांस पांच लिटर मिळालें. त्या रात्रीं स्टोव्ह पेटला. वडिलांनीं पुढें कितीएक मुलांच्या फिया भरल्या, वारावर जेवणारे विद्यार्थी सांभाळले. ते गेले तेव्हां गांवांत शोकसभा झाली आणि तींत आम्हींच हें सारें सांगितलें. धोंड्याची गोष्ट सांगितली नाहीं.

नातवानें सर्व ऐकून घेतलें. मग विचारलें, "त्या बाईंना त्या दिवशीं रॉकेल मिळालं का?"

आम्हांस सांगतां आलें नाहीं. डबा भरतांच आम्ही तेथून निघालों होतों, आणि वडील पुढें चालत होते.